शिकारीची हौस आणि मोहाची टोपली

दिवाळी आली की आमच्या भंडाऱ्याकडच्या घरांतून दोन गोष्टी हमखास बाहेर निघतात. एक करंज्यांची कातण आणि दुसरी थोरल्या मामांची शिकारकथा. फराळाची ताटे पुढ्यात असतात, पोरे मांड्या घालून बसलेली असतात, आणि मामा चिवड्याचा बकाणा भरून सुरुवात करतात, "त्या काळी नागझिऱ्यात..." पुढचे सर्वांना पाठ असते. मचाण, पातळ चांदणे, मागल्या पायांवर उभे राहिलेले अस्वल आणि एकच बार! शिकारकथेत बार कधी दोन होत नाहीत. अस्वलाची उंची मात्र दर दिवाळीला दोन बोटे वाढते.

ह्या कथांविषयी माझी तक्रार नाही. गोष्टी रचणे हा माझाही धंदा आहे, आणि थापांच्या बाबतीत कादंबरीकाराने शिकाऱ्याला नावे ठेवावीत हे शोभणारे नव्हे. माझी तक्रार आहे ती कथा संपल्यावर जो ठराव मांडला जातो त्याविषयी. मामा पाण्याचा घोट घेतात आणि म्हणतात, "आता म्हणे कायदा आड येतो! अस्वले माणसांना फाडताहेत, डुकरे धान उकरताहेत, चितळे बांधीत शिरताहेत. सरकारने शिकार खुली करायला हवी. आमच्या पोरांनी पहिली शिकार करायची तरी कधी?" भाचेमंडळी माना डोलावतात. त्यांत एखादा परदेशातून आलेला जावई असतोच. तो सांगतो की अमेरिकेत काळ्या अस्वलाची आणि हरणांची शिकार कशी रीतसर चालते, आणि पहिल्या शिकारीला निघण्यापूर्वी तिकडचा माणूस महिनोन्‌महिने कशी तयारी करतो. ठराव एकमताने पास होतो आणि अनारसे पुढे येतात.

बरे तर. तयारीच करायची असेल तर ती नीट करू. मी पडलो मास्तर. तयारी म्हटली की पहिल्या धड्यापासून उजळणी घेतल्याशिवाय मला राहवत नाही.

पहिला धडा असा की, ज्याला मारायचे त्याची ओळख तरी असावी. आपल्याकडच्या अस्वलाचे साहेबांनी ठेवलेले नाव ‘स्लॉथ बेअर’. १७९१ साली शॉ नावाच्या इंग्रज पंडिताने त्याची लांब नखे पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या ‘स्लॉथ’ ह्या आळशी प्राण्याच्या जातीत बसवले. पुढे चूक कळली, पण आळशीपणाचा शिक्का कायम राहिला. न पाहता नाव ठेवण्याची ही परंपरा मामांनी पुढे चालवली आहे, इतकेच. हे जनावर वाळवीवर जगते, मुंग्यांवर जगते. बोरे, जांभळे, तेंदूची फळे, मध आणि मोहाची फुले हे त्याचे पक्वान्न. त्याच्या वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नसतातच. त्या फटीतून ते भात्यासारखा श्वास ओढून वारुळातली वाळवी चोखून घेते. त्याला बेताचे दिसते आणि बेताचे ऐकू येते. नाक तेवढे तीक्ष्ण. पिल्ले थंडीत जन्मतात, आणि थोडी मोठी झाली की आईच्या पाठीवरच्या दाट केसांना धरून रानभर हिंडतात. अस्वल मागल्या पायांवर उभे राहते ते मामांवर चालून जाण्यासाठी नव्हे. समोर काय आहे ते न उमगल्याने वास घ्यायला ते उभे राहते. आपण चष्मा शोधतो ना, त्यातलाच प्रकार!

अशा जनावराला मचाणावर बसून, वाऱ्याची दिशा साधून मारण्यात पराक्रम कोणता, हे मला अजून कुणी समजावून दिलेले नाही. वाळवी खाणाऱ्या, धड न दिसणाऱ्या प्राण्यावर वीस हात उंचावरून बंदूक रोखायची आणि खाली उतरून मिशीला पीळ द्यायचा! हे जर शौर्य, तर आमच्या शाळेतला गडी पावसाळ्यात विंचू चपलेने मारतो त्याला परमवीरचक्र द्यावे लागेल. तो निदान जमिनीवर तरी उभा असतो.

दुसरा धडा कागदपत्रांचा. मामांच्या कथेत परवाना असतो, आणि तो खरोखरच असे. जंगलाचे ‘ब्लॉक’ पाडलेले असत, पैसे भरून ते ठरावीक दिवसांसाठी मिळत, आणि कोणते जनावर किती मारायचे ते कागदावर लिहिलेले असे. कॅप्टन फॉर्सिथ ह्यांचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ साली विलायतेत छापले गेले, तेव्हापासून साहेबांची आणि मागोमाग आपल्या जमीनदारांची पावले ह्या रानांकडे वळत राहिली. कागदावर हिशेब चोख होता. रानात मात्र वाघ संपत आले. १९७० साली वाघाची शिकार बंद करावी लागली. त्याच वर्षी नागझिरा अभयारण्य झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, १९७५ साली नवेगावचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची शिकारही बंद झाली. आज अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणाऱ्यास कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे. हा कायदा कुण्या भाबड्या पक्षीवेड्याने स्वप्नात लिहिलेला नाही. परवान्याचा प्रयोग शंभर वर्षे करून पाहिला, तो फसला, म्हणून तो लिहावा लागला.

आणि तो कसा फसला ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ च्या सुमारास एका रात्री तीन चित्ते मारले. ह्या देशातल्या रानचित्त्यांची ती जवळजवळ शेवटचीच नोंद. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्या रात्रीनंतर सुमारे पंचाहत्तर वर्षांनी, २०२२ साली, आपण आफ्रिकेतल्या नामिबियाहून विमानाने चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात सोडले. एका माणसाची एका रात्रीची हौस, आणि तिची भरपाई करायला तीन पिढ्या, दोन सरकारे आणि एक विमान! दुकानदारीत असा हिशेब कुणी केला तर आपण त्याला दिवाळखोर म्हणतो.

तिसरा धडा सोबत्यांचा. शिकारीला एकट्याने जाता येत नाही. मामांच्या कथेत मामा असतात, मामांचे एक साहेब मित्र असतात आणि अस्वल असते. बाकी कुणी नसते. मग ते मचाण कुणी बांधले? रान कुणी उठवले? पहाटेच्या दहिवरात डबडे बडवीत, हाळ्या देत, जनावराला मचाणापुढे आणून कुणी सोडले? हाकारे आभाळातून पडले नव्हते. ते आसपासच्या टोल्यांवरचे गोंड होते, ढीवर होते, गावातले मजूर होते. जखमी जनावर उलटले तर ते आधी त्यांच्यावर उलटे. मचाणावरच्या माणसाच्या अंगाला ओरखडा नसे. त्यांची नावे कथेत नाहीत, दिवाणखान्यातल्या छायाचित्रात तर नाहीतच. छायाचित्रात बूट आहे, बुटाखाली अस्वल आहे आणि बंदुकीला टेकलेला एक गृहस्थ आहे. पुढे कायदा बदलला तेव्हा गंमत अशी झाली की, छायाचित्रातला गृहस्थ ‘जुना शिकारी’ म्हणून सत्काराला पात्र ठरला, आणि पोटासाठी ससा धरणारा हाकाऱ्याचा नातू ‘चोरटा शिकारी’ म्हणून हवालातीत गेला. कायद्याचे मी समर्थन करतो, पण ह्या न्यायाचे नाही. शिकार खुली करा म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे की उद्याच्या शिकारीत त्यांचा मुलगा हाक्याला उभा राहणार आहे की मचाणावर बसणार आहे.

चौथा धडा धर्माचा, कारण वादात हरत आले की आपण पुराणांकडे धावतो. "अहो, मृगया हा क्षत्रियांचा धर्म! खुद्द रामचंद्र मृगामागे गेले!" गेले खरे. परत आले तेव्हा झोपडीत सीता नव्हती. दशरथाने पाणी पिणारा हत्ती समजून आवाजावर बाण सोडला, तो श्रावणाला लागला. पांडूने जोडीने रमलेले हरीण समजून बाण सोडला, तो किंदम ऋषी निघाला. परीक्षित शिकारीत दमून, तहानेने कावून शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकून आला, आणि सातव्या दिवशी तक्षकाने त्याला गाठले. जरा नावाच्या व्याधाने हरीण समजून बाण मारला, तो प्रत्यक्ष श्रीकृष्णाच्या पायाला. व्यासवाल्मीकींसारखे जाणते पुरुष पुन्हा पुन्हा तेच सांगताहेत. हौसेने सोडलेला बाण जनावरापाशी थांबत नाही. आणि अस्वलाविषयी म्हणाल, तर जांबवंत हा रामाच्या सैन्यातला सर्वांत वडील सल्लागार, आणि त्याची कन्या जांबवती श्रीकृष्णाची राणी. गणेशचतुर्थीला स्यमंतक मण्याची गोष्ट भक्तिभावाने ऐकायची आणि दिवाळीला त्याच कुळातला व्याही मारायची भाषा करायची, हे आपल्यालाच जमते!

आता जावईबापूंकडे वळू. त्यांचा मुद्दा पुराणातल्या दाखल्यापेक्षा वजनदार आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. अमेरिकेत शिकाऱ्याच्या पैशावर रान राखले जाते हे खरे आहे. १९३७ साली तिकडे कायदा झाला आणि बंदुका व काडतुसे ह्यांवरचा कर वन्यप्राण्यांसाठी बाजूला काढला जाऊ लागला. परवान्याची फी त्याच कामी येते. पण ती शिस्त त्यांना सुचली कधी? आधी सगळे उधळून झाल्यावर. ज्यांच्या थव्यांनी आभाळ झाकोळे म्हणतात त्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटचे १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. हरणांचे मांस बाजारात विकून विकून रानेच्या राने रिकामी झाली. तेव्हा कुठे त्यांनी विक्री बंद केली, कोटा ठरवला, मारलेल्या जनावराची नोंद सक्तीची केली. शिवाय तिकडची काळी अस्वले लाखांनी मोजतात. आपली ही वाळवी खाणारी अस्वले साऱ्या जगात मिळून वीस हजारांच्या आतबाहेर असतील असा जाणकारांचा अंदाज आहे. लक्षाधीशाने पाच रुपये उडवले म्हणून पगाराच्या आदल्या दिवशी मास्तराने उडवायचे नसतात.

आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. तिकडच्या शिकारीच्या रानात पहाटे चार वाजता मोह वेचणारी बाई नसते. आपले रान कुणाचे तरी कोठार आहे. त्यात सरपणाला गेलेली म्हातारी आहे, तेंदूपत्त्याला गेलेली सासूसून आहे, गुरे वळणारे पोर आहे. झुडपापलीकडे हलले ते अस्वल की माणूस, हे दशरथालाही कळले नाही. आमच्या भाच्याला कळेल?

जाता जाता एक गोष्ट घराघरांतल्या बाळांसाठी. कापसाच्या ज्या अस्वलाला ती ‘टेडी’ म्हणून कुशीत घेतात, ते नाव अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांचे. १९०२ साली मिसिसिपीत ते काळ्या अस्वलाच्या शिकारीला गेले. त्यांना काही मिळेना, तेव्हा सोबत्यांनी एक अस्वल धरून झाडाला बांधले आणि म्हटले, मारा. रूझवेल्ट म्हणाले, बांधलेले मारणार नाही. वर्तमानपत्रात चित्र छापले, खेळणी निघाली, जग धन्य धन्य म्हणाले. गोष्टीचा पुढचा भाग मात्र खेळण्याबरोबर कुणी देत नाही. ते अस्वल जबर जखमी झाले होते. त्याला यातनांतून सोडवा असे अध्यक्षांनी सांगितले, आणि सुऱ्याने ते संपवण्यात आले. शिकाऱ्याची उदारता आणि अस्वलाचे मरण, दोन्ही एकाच दिवशी!

आता खरा प्रश्न. अस्वले माणसांवर हल्ला करतात हे खोटे आहे काय? मुळीच नाही. झाडीपट्टीत राहणाऱ्या कुणाला हे सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रभर गळतात. ती गुरांनी आणि हरणांनी खाण्याआधी वेचायची म्हणून बाया-माणसे अंधारात घर सोडतात. अस्वलही त्याच झाडाखाली त्याच वेळी आलेले असते. ते खाली मान घालून फुले टिपते, ही खाली वाकून फुले टिपते. दोघांनाही दुसऱ्याची चाहूल नसते. दोन हातांवर आले की दोघेही दचकतात. बाई किंचाळते, अस्वल झडप घालते आणि ते थेट चेहऱ्यावर, डोक्यावर. डोळा जातो, जबडा मोडतो. खाण्यासाठी ते मारत नाही. घाबरून मारते आणि पळते. पण ज्या बाईचा चेहरा गेला तिला ह्या भेदाचे काय कौतुक? रानात जाऊ नका म्हणून कुणी सांगितले, तर ती विचारते, "नाही गेलो तं खाऊ काय जी?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मामांकडे आहे काय?

मामांची बंदूक तिथे काय करणार, एवढेच मला विचारायचे आहे. शिकारी जाणार हिवाळ्यात, सुटीत, मोटारीने, थर्मासमध्ये चहा घेऊन. हल्ला होणार एप्रिलच्या पहाटे. शिकाऱ्याला हवे मोठे, काळेभोर, अंगावर एकही व्रण नसलेले अस्वल, दिवाणखान्यात शोभणारे. ज्याने हल्ला केला ते कुठले हे त्याला ठाऊक नाही आणि त्याच्याशी त्याला देणेघेणेही नाही. उलट बाराने अर्धवट जखमी होऊन निसटलेले अस्वल चिडून रानात राहणार, आणि त्याची गाठ पडणार ती पुन्हा टोपलीवालीशीच. बाईच्या जखमेचे नाव सांगून स्वतःची हौस भागवणे, ह्याला मी दुसऱ्याच्या सुतकात जेवण उठवणे म्हणतो. आणि खरोखरच एखादे जनावर माणसाच्या जिवावर उठले, तर कायदा हात बांधून बसलेला नाही. मुख्य वन्यजीव रक्षकाला त्याचा बंदोबस्त करण्याचा अधिकार आहे, आणि जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेला प्रहार हा गुन्हा धरलेला नाही. धान तुडवणाऱ्या रानडुकरासाठी शेतकऱ्याला रीतसर परवानगी मागता येते. ती वेळेवर मिळत नाही ही तक्रार रास्त आहे, आणि त्यासाठी भांडायला मी मामांच्या पुढे उभा राहीन. पण ते भांडण शेतकऱ्याचे असते, मचाणाचे नसते.

उरले हरीण. इथे मात्र मला तुमच्याशी, वाचकहो, थोडे कडू बोलायचे आहे. सण असूनही बोलतो, कारण ते सणासुदीलाच घडते. अस्वलाची शिकार आज मुख्यतः तोंडानेच होते. चितळाची मात्र खरोखर होते. मचाण, चांदणे, शौर्य ह्यांपैकी त्यात काहीही नसते. वाटेवर तारेचा फास लावतात, नाहीतर विजेच्या खांबावरून आकडा टाकून रानाच्या कडेने उघडी तार ओढतात. त्या तारेला चितळ आणि वाघ ह्यांत फरक कळत नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या रानाची शान असलेला ‘जय’ वाघ २०१६ साली नाहीसा झाला, तो आजवर सापडला नाही. त्याचा बच्चा ‘श्रीनिवास’ पुढच्याच वर्षी, २०१७ साली, नागभीडकडे अशाच विजेच्या तारेने मेला. कुंपणासाठी ओढलेली असो की मांसासाठी, उघडी तार ती उघडी तारच. तिला रात्री बांधीवर पाणी पाहायला निघालेला शेतकरीही ओळखता येत नाही.

हे मांस जाते कुठे? फास लावणाऱ्याच्या घरी त्यातले थोडेच शिजते. बाकीचे पिशवीत घालून गावात येते. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. नाटके होतात, दंडार होते, लेकीजावई येतात, पाहुण्यांना कोंबडीबकऱ्याचे जेवण होते. हे आमचे वैभव आहे, आणि त्यावर मी चकार शब्द बोलणार नाही. पण कुणीतरी कानाशी लागून म्हणतो, "रानातला माल आहे, पाहुण्यांसाठी ठेवू का?" आणि एखादा प्रतिष्ठित, टोपी घालणारा, सभेत अध्यक्षपद भूषवणारा गृहस्थ हसून म्हणतो, "ठेव, पण कुणाला सांगू नकोस." त्या क्षणी शिकार झाली. बार नंतर झाला, किंवा आधी झाला, तो प्रश्न गौण आहे. घेणारा नसेल तर तार कोण लावील? रात्रभर जागून, शॉक लागून मरण्याच्या भीतीत, कुणी केवळ गंमत म्हणून रानात बसत नाही.

आणि चितळ कमी झाले म्हणजे नुसते चितळच कमी होत नाही. वाघ आणि रानकुत्रे त्याच्यावर जगतात. रानातले ताट रिकामे झाले की वाघ गोठ्याकडे येतो, गाय मारतो, मग चिडलेला गायवाला मेलेल्या गायीवर विष घालतो, मग वाघ मरतो, मग पोलीस त्या गायवाल्याला नेतात. ताटातल्या त्या चार फोडींचा माग काढीत गेले तर तो अखेर गरिबाच्याच दारी पोचतो.

तेव्हा तयारी करायचीच असेल तर खऱ्या लढाईची करू. एप्रिल यायला अजून पाच-सहा महिने आहेत. मोहाच्या वेचणीला एकटीदुकटीने जाऊ नये. चौघी मिळून, बोलत, गात, काठी आपटत जावे, म्हणजे अस्वलाला आधीच चाहूल लागून ते बाजूला होते. फटफटल्यावरच झाडाखाली शिरावे. पण हे सांगणे सोपे आहे. अंधारात जाण्याची गरजच कमी करायची तर झाडाखाली जाळी बांधावी. फुले जाळीत झेलली जातात, जनावराच्या तोंडाला लागत नाहीत, आणि पाला जाळून जमीन मोकळी करण्याची, त्यातून वणवा पेटवण्याची गरजही उरत नाही. बंदुकीच्या परवान्यासाठी जेवढे हेलपाटे आपण घालतो, त्याच्या निम्म्याने गावाला जाळ्या मिळतील. अस्वलाने फाडलेल्या माणसाला शिवायला, त्याला पिसाळण्याविरुद्धची लस द्यायला, जवळच्या दवाखान्यात माणूस आणि औषध एप्रिलभर हजर असावे. जबडा हातात धरून नागपूरचा रस्ता धरण्याची पाळी कुणावर येऊ नये. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर २०२३ पासून राज्य सरकार घरच्यांना पंचवीस लाख रुपये देते. ते योग्यच आहे. पण मेल्यावर पंचवीस लाख आणि जिवंतपणी पंचवीस हातांची जाळीही नाही, हा हिशेब कुठल्या पाटीवर मांडायचा, ते मला मुलांना शिकवता येत नाही.

आणि मुलांच्या पहिल्या शिकारीचे काय? त्यांना रानात जरूर न्या. आमच्या भंडारा जिल्ह्याचे १९९९ साली दोन जिल्हे झाले, पण रान काही वाटून गेले नाही. कोका आहे, नागझिरा आहे, पवनीकडे कऱ्हांडला आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला जाऊन राहिले आणि येताना कातडे आणले नाही, ‘नागझिरा’ नावाचे पुस्तक आणले. मारुती चितमपल्ली नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात नोकरी करीत राहिले आणि मराठी भाषेला रानातल्या शब्दांनी श्रीमंत करून २०२५ साली गेले. त्यांना पाहायला, ऐकायला, थांबायला येत होते. पोराला पहाटे उठवा, वारा कुठून येतो ते ओळखायला शिकवा, वानर खोकले की चितळ का कान टवकारते ते दाखवा, वारुळ फोडणाऱ्या अस्वलाचा फुरफुराट दुरून ऐकवा. ह्या तयारीला बंदुकीपेक्षा अधिक धीर लागतो. मामांनाही सोबत घ्या. रान त्यांना ठाऊक आहे, हे मी कधीच नाकारले नाही.

फक्त घरी परतल्यावर पिशवीवाला दाराशी येईल, तेव्हा त्याला कोण काय उत्तर देते इकडे मुलांचे लक्ष असेल. पहिली शिकार कोणती करायची आणि कोणती नाही, हे ती तिथेच शिकतात.